कोल्हापूर स्टेटस-दंगल (जून २०२३)

व्हॉट्सॲपवरील स्टेटसचे निमित्त होऊन ६ व ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात उसळलेला जातीय तणाव व दगडफेक. मोबाइलवरील मजकूर हत्यारासारखा वापरून कडव्या गटांना काही तासांत जमाव कसा उभा करता येतो, हे समजून घेण्यासाठी ही घटना महत्त्वाची आहे.

घटनाक्रम : त्या वर्षी शिवराज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष सुरू झाले होते. ६ जूनला, राज्याभिषेकदिनीच, काही तरुणांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. बातम्यांत कुठे टिपू सुलतानाचा, कुठे औरंगजेबाचा उल्लेख येतो. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. लक्ष्मीपुरी पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. हिंदुत्ववादी संघटनांनी दुसऱ्या दिवशी बंदची हाक दिली. ७ जूनला शिवाजी चौकात मोठा जमाव जमला. तो पांगताना मुस्लिम वस्त्यांच्या परिसरात दगडफेक झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. ३६ जणांना अटक झाली. जीवितहानी झाली नाही.

प्रसाराचे तंत्र : व्हॉट्सॲपने स्टेटसची सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आणली. स्टेटस एरवी ठेवणाऱ्याच्या संपर्कयादीतल्यांनाच दिसते आणि २४ तासांत आपोआप नाहीसे होते. म्हणजे मूळ मजकूर मोजक्या लोकांपुरता आणि अल्पायुषी असतो. त्याला शहरभर नेतो तो स्क्रीनशॉट. ज्याने भावना दुखावल्या असे सांगितले जाते, तोच मजकूर दुखावलेल्यांच्या हातून हजारो फोनवर पोहोचतो. सोबत जमण्याची जागा आणि वेळही जाते. कोल्हापुरात तालमी, मंडळे, पेठा यांचे ग्रुप आधीपासूनच बांधलेले असल्याने निरोपाला वेगळी यंत्रणा लागत नाही. तपासात सहसा पहिला फोन हाती लागतो; पुढे पाठवणारे शेकडो हात मोकळे राहतात. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने दंगलीचे खरे साधन तेच होत.

पूर्वीच्या घटना : २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवरील विटंबनेच्या मजकुरावरून पुण्यात दंगल झाली, हडपसर येथे त्या मजकुराशी काहीही संबंध नसलेल्या एका मुस्लिम संगणक-अभियंत्याचा जमावाने खून केला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले गेले. यात कोणतीही संघटना नव्हती, नुसती अफवा पुरली. मार्च २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातच औरंगजेबाच्या स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला होता. मे २०२३ मध्ये अकोल्यात इन्स्टाग्रामवरील मजकुरावरून दंगल होऊन एकाचा बळी गेला.

उपाययोजना : ७ जूनलाच कोल्हापुरात इंटरनेट बंद करण्यात आले. अशी बंदी त्या काळी २०१७ च्या दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगितीच्या नियमांखाली घातली जाई. बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत व बंदी बेमुदत असता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात (१० जानेवारी २०२०) स्पष्ट केले आहे. बंदीने अफवा थांबते तसा खुलासाही थांबतो, आणि तोवर स्क्रीनशॉट पोहोचलेला असतो. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे २९५अ व गटांमध्ये वैर वाढवण्याबाबतचे १५३अ ही भारतीय दंड संहितेतील कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे २९९ व १९६ या क्रमांकांनी आली आहेत.

राजकीय पडसाद : सत्ताधारी व विरोधक यांच्यात आरोप-प्रत्यारोप झाले.

शहराची परंपरा : राजर्षी शाहूंच्या काळात, १९०६ मध्ये, येथे मुस्लिम बोर्डिंग स्थापन झाले. ६ मे २०२२ रोजी शाहूंच्या स्मृतिशताब्दीस हेच शहर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. दंगल त्यानंतर तेरा महिन्यांनी झाली.

नंतर : १० सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरूनच जमावाने हल्ला केला. त्यात एक तरुण मारला गेला, आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले.