एल्क बंधुमंडळ आणि इस्पितळांतील एकाकी शिपाई

त्रैमासिकाच्या वाचकांस बखरी, शकावल्या व महजर यांची सवय. त्यांस अमेरिकेंतील एका बंधुमंडळाची हकीकत प्रथमदर्शनीं परकी वाटेल. परंतु लढाईहून परत आलेल्या माणसाचें पुढें काय होतें, हा प्रश्न सर्व देशांच्या इतिहासांत आहे, आणि त्याचें उत्तर कागदांत शोधूं गेल्यास सर्वत्र सारखीच अडचण येते. पेशवाईच्या कागदांत लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांमाणसांस बालपरवेशी दिल्याच्या नोंदी आहेत. कोणास काय दिलें हें त्यांवरून कळतें. हातपाय गमावून जो घरीं आला त्याच्या ओसरीवर कोण जाऊन बसे, हें कळत नाहीं. अमेरिकेंत या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा लेखी माग थोडाबहुत लागतो, म्हणून हा लेख.

'बेनेव्होलंट अँड प्रोटेक्टिव्ह ऑर्डर ऑफ एल्क्स' हें त्या मंडळाचें नांव. एल्क म्हणजे सांबराच्या जातीचें एक मोठें हरीण. या मंडळाच्या गांवोगांवच्या लॉजांचे स्वयंसेवक सरकारी इस्पितळांत पडलेल्या जुन्या शिपायांस नेमानें भेटावयास जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, हें काम सुरू झालें असें साधारणतः सांगतात. त्या वर्षीं मंडळाच्या युद्धसमितीचें सैनिकसेवेच्या कायम समितींत रूपांतर झालें, आणि सरकारच्या सैनिकखात्यानेंहि इस्पितळांतील स्वयंसेवेची रीतसर व्यवस्था त्याच वर्षीं लावली. परंतु आमच्या मतें हा सन नामकरणाचा आहे. जन्म त्यापूर्वींचा आहे.

शिपायांची विचारपूस शिपायांनींच करावी, इतरांचें तेथें काय काम, अशी शंका कोणी घेईल. तसें मंडळ अमेरिकेंत होतेंच. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ सालीं उत्तरेकडील सैनिकांनीं 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' नांवाचा संघ काढला. १८९० च्या सुमारास त्याचे सभासद चार लाखांवर होते, आणि सैनिकांच्या वृत्तिवेतनाचे कायदे करवून घेण्यांत त्याचा हात मोठा होता. मात्र त्या युद्धांत जो लढला त्यासच प्रवेश, असा नियम. त्यामुळें सभासदांबरोबर संघहि म्हातारा होत गेला. १९४९ सालीं इंडियानापोलिस येथें शेवटचें संमेलन भरलें, त्यास सहा जण आले. अगदीं शेवटला सभासद अल्बर्ट वुल्सन १९५६ च्या ऑगस्टांत मिनेसोटा प्रांतांतील डुलूथ येथें वारला आणि संघ आटोपला. (मृत्युसमयीं त्याचें वय १०९ समजत असत, पुढें जुन्या खानेसुमारीवरून तें १०६ धरूं लागले. जन्मशकाचे घोळ आमच्याच घराण्यांत असतात असें नाहीं.) अशा संघांतील शेवटल्या माणसाच्या उशाशीं बसावयास त्याचा संघबंधु म्हणून कोणी उरत नाहीं. तेव्हां ज्यांनीं लढाई पाहिली नाहीं अशांनीं हें काम उचलणें प्राप्त होतें. एल्क मंडळांत जुने शिपाई पुष्कळ आहेत, तरी शिपाईपणा ही तेथील प्रवेशाची अट नाहीं. हा भेद आमच्या मतें फार महत्त्वाचा.

या मंडळाचा उगम पाहूं गेल्यास तो मोठासा पवित्र नाहीं. १८६७ च्या अखेरीस इंग्लंडांतून न्यूयॉर्कास आलेला चार्ल्स व्हिव्हियन नांवाचा गायकनट व त्याचे रंगभूमीवरील सोबती रविवारीं एकत्र जमत, कारण त्या दिवशीं दारूचीं दुकानें कायद्यानें बंद असत. बाटलीच्या बुचाच्या एका खेळावरून ही मंडळी स्वतःस 'जॉली कॉर्क्स' म्हणवी. मंडळाची बखर सांगते कीं, त्यांच्यापैकीं एक जण नाताळाच्या सुमारास वारला, त्याचीं बायकामुलें उघड्यावर पडलीं, आणि मौजेच्या मेळ्यास परस्परसाहाय्याची बुद्धि झाली. १६ फेब्रुवारी १८६८ रोजीं सध्यांचें नांव घेतलें. चिन्ह रानरेड्याचें असावें कीं एल्काचें, या वादांत एल्कास आठ व रेड्यास सात मतें पडलीं म्हणतात.

व्हिव्हियनचें पुढें काय झालें तें सांगण्यासारखें आहे. मतभेद होऊन त्यास स्वतः काढलेल्या मंडळांतून लवकरच दूर व्हावें लागलें. नाटकें करीत फिरतां फिरतां १८८० सालीं कोलोराडोंतील लेडव्हिल या खाणींच्या गांवीं तो वारला व तेथेंच पुरला गेला. नऊ वर्षांनीं, १८८९ सालीं, बॉस्टनच्या लॉजानें त्याच्या अस्थि हलवून आपल्या स्मशानभूमींत आणल्या. जिवंतपणीं दुरावलेल्यास मेल्यावर परत आणणारें हें मंडळ, आणि रात्रीं अकराच्या ठोक्यास हातांतलें काम थांबवून गैरहजर बंधूंचें स्मरण करण्याची याची चाल, या दोन गोष्टी आम्ही एकत्र वाचतों. ही चाल इंग्लंडांतील अशाच एका मंडळांतून आली असें मानतात. लॉजाच्या भिंतीवर अकरा वाजलेल्या घड्याळाचें चित्र असतें. जो येथें नाहीं त्याची रोज ठराविक वेळीं आठवण करावी, असें ज्यांच्या नित्यविधींत आहे, त्यांस इस्पितळाची वाट सांपडण्यास १९४६ पर्यंत थांबण्याचें कारण नव्हतें.

आणि ते थांबलेहि नाहींत. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली तेव्हां मंडळानें युद्धसाहाय्यासाठीं निधि उभारिला. त्यांतून फ्रान्समधील ३६ व ४६ या क्रमांकांच्या दोन सैनिकी इस्पितळांस साहित्य पुरविलें. १९१८ सालीं बॉस्टन येथें जखमींच्या पुनर्घटनेसाठीं सातशे खाटांचें इस्पितळ बांधून तें युद्धखात्याच्या स्वाधीन केलें. अपंग शिपायांनीं नवा धंदा शिकावा म्हणून सरकारी मदत मंजूर होईतों त्यांस कर्जाऊ पैसे दिले. या कर्जाचा लाभ सुमारें चाळीस हजारांस झाला असें मंडळ सांगतें. युद्धांत पडलेल्या हजारावर बंधूंचें घुमटाकार स्मारक शिकागो येथें १९२६ सालीं उघडलें.

सरकार हें सर्व करीत असतां खासगी मंडळ कशाला, असें म्हणणारानें त्या काळचा एक खटला वाचावा. जखमी शिपायांसाठीं १९२१ सालीं निघालेल्या सरकारी कचेरीचा पहिला मुख्य चार्ल्स फोर्ब्स यानें मेरीलँडांतील पेरीव्हिल येथील कोठारांतून इस्पितळांच्या चादरीसुद्धां कवडीमोलानें विकूं दिल्या. १९२५ सालीं तो दोषी ठरला व पुढें तुरुंगांत गेला.

इस्पितळांत हे लोक करतात तरी काय? पत्ते खेळतात, सणाचें जेवण वाढतात, ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें पत्र लिहितात, ज्यास चालतां येतें त्यास मासे धरावयास नेतात. शिकारी सभासद हरणांचीं कातडीं गोळा करून देतात; तीं कमावून त्यांचे हातमोजे होतात, ते चाकांच्या खुर्चीवर बसणारांस मिळतात, आणि उरलेलें कातडें हस्तकलेकरितां खाटेवरच्या रोग्यांकडे जातें. यांत मोठें असें कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्याचे नातलग वारले किंवा विटले, त्यास औषधापेक्षां ऐकणारा माणूस कमी पडतो. आम्ही आयुष्यभर मुलांकडून 'शुश्रूषा' या शब्दाची व्युत्पत्ति पाठ करून घेतली: श्रु धातूचें इच्छार्थक रूप, म्हणजे ऐकण्याची इच्छा, सेवा हा अर्थ मागाहूनचा. या शब्दाचा मूळार्थ आम्हांस या दूरदेशच्या इस्पितळांची माहिती वाचतांना जितका पटला, तितका वर्गांत कधीं पटला नव्हता.

मंडळाची दुसरी बाजू लपविणें इतिहासकारास शोभत नाहीं. प्रवेश फक्त गोऱ्या पुरुषांस, असा नियम १९७३ पर्यंत चालला. स्त्रियांस १९९५ सालीं वाट मोकळी झाली. म्हणजे बंधुत्वाचें नांव घेणाऱ्या लॉजाचें दार, काळ्या वर्णाचा माणूस देशासाठीं लढून आला तरी, त्यास बंद होतें. हस्तलिखितांच्या शोधकांस रुचेल अशी यांतील एक गोष्ट आहे. १८९८ सालीं सिनसिनाटी येथें आर्थर रिग्ज व बी. एफ. हॉवर्ड या काळ्या वर्णाच्या दोघांनीं निराळें एल्क मंडळ काढलें. गोऱ्या मंडळाच्या विधींची पोथी रिग्जच्या हातीं आली होती. तिचा स्वामित्वहक्क कोणीच नोंदविला नाहीं असें पाहून त्यानें तो वॉशिंग्टन येथें आपल्या नांवें नोंदविला. गुप्त म्हणून जपलेली पोथी नोंदीअभावीं दुसऱ्याची झाली! पुढें नांवाबद्दल तंटा होऊन १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें नव्या मंडळाविरुद्ध निकाल दिला, तरी तें मोडलें नाहीं. आजहि चालू आहे.

आतां आमच्याच विधानाची एक मर्यादा सांगावी लागते. शिपायांचा संघ शिपायांबरोबर सरतो, मिश्र मंडळ टिकतें, असें वर सुचविलें. परंतु १९७५ च्या आसपास एल्क मंडळाची सभासदसंख्या सोळा लाखांच्या घरांत होती, ती आज निम्म्याच्या जवळ आली आहे. पुष्कळ लॉज बंद पडले. लॉज बंद पडला कीं घड्याळें, बिल्ले व झेंडे जुन्या बाजारांत लगेच विकले जातात, कारण त्यांस गिऱ्हाईक आहे. वार्षिक अहवालांतून भेटींचे तास व खर्चाचे आंकडे राहतात. कोणत्या दिवशीं कोण कोणाच्या खाटेपाशीं बसला हें जर कोठें असेल, तर तें इस्पितळसमितीच्या साध्या, फाटक्या वह्यांत. त्यांस बाजारांत किंमत नाहीं. तिकडील ज्या संग्राहकांशीं आमच्या वाचकांचा पत्रव्यवहार आहे, त्यांस बिल्ल्यांआधीं या वह्यांविषयीं विचारावें, अशी विनंति आहे.