गिरणीचा पट्टा आणि होडीचे इंजिन

मुरुमपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तेथल्या वर्गात मच्छीमार होडीच्या इंजिनाचा पट्टा कसा झिजतो हे शिकवू लागलो, तर मुले हसतील. पण पट्टा त्यांना अगदीच परका नाही. तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आजोबांना आठवते, आणि त्याही आधी चरखा होता. मोठ्या चाकावरून चातीवर जाणारी चरख्याची माळ म्हणजे पट्टाच. माळ सैल झाली की चाक फिरते आणि चाती जागच्या जागी राहते. पट्ट्याचे सारे दुखणे एवढ्यात आले.

या दुखण्याचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. पट्ट्याच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंतील ताणांचे गुणोत्तर दोनच गोष्टींवर ठरते: घर्षणांक आणि पट्ट्याने चाकाला घातलेला वेढा. चाक केवढे मोठे, याला त्यात स्थान नाही! घर्षणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या चाकाचा असेल, तर हे गुणोत्तर सुमारे २.६ येते, वेढा १२० अंशांवर आला की १.९ पेक्षाही कमी. गिरणीवाले म्हणूनच ताणलेली बाजू खाली ठेवत. वरची सैल बाजू झोळ खाते आणि वेढा आपोआप वाढतो. हे त्यांना कोणी सूत्राने शिकवले नव्हते.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. त्या काळच्या कारखान्यांत एका वाफेच्या इंजिनावर लांबच लांब दंड फिरे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे पट्टे उतरत. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली. मुरुम तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ते राज्य १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या फिरत्या भागांना कठडे घालणे आणि त्यांच्याजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालणे सक्तीचे केले. उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा सापडला तर माणूस सुटत नाही. खेड्यातल्या लहान गिरणीपर्यंत मात्र हा कायदा सहसा पोचला नाही.

चपट्या पट्ट्याची जागा हळूहळू व्ही-बेल्टने घेतली. अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी तो १९१७ मध्ये तयार केला. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. खाचेच्या भिंतींतील कोन ४० अंशांचा धरला, तर पकड जणू घर्षणांक तिप्पट झाल्यासारखी वाढते आणि मघाचे २.६ हे गुणोत्तर १५ च्या वर जाते. एक अट मात्र आहे. पट्ट्याने खाचेच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की पाचर संपली.

अनेक होड्यांच्या इंजिनांवर असा पट्टा थंड पाण्याचा पंप आणि बॅटरी भारणारा अल्टरनेटर फिरवतो. इंजिन सुरू करताना किंचाळी ऐकू आली, तर पट्टा घसरतो आहे. घसरण्याने उष्णता होते, उष्णतेने रबर कडक आणि गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत पट्टा आणखी घसरतो. इंजिन बंद करून पट्टा उलटून पाहावा. कडा चकाकत असतील किंवा आतल्या अंगाला आडव्या भेगा असतील, तर तो बदलावा. आजूबाजूला काळी भुकटी साचली असेल आणि झीज एकाच कडेला असेल, तर दोष बहुधा पट्ट्याचा नसून पुल्यांचा. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला सरळ पट्टी लावली की त्या एका रेषेत आहेत की नाहीत ते कळते. खाऱ्या हवेने पुलीच्या खाचेवर चढलेला गंज तर काचकागदासारखा पट्टा खातो. तो खरवडून न काढता नवा पट्टा चढवला, तर तोही लवकरच जातो.

घसरण थांबावी म्हणून राळ लावण्याची गिरणीतली युक्ती येथे चालत नाही. पकड थोडा वेळच मिळते, मग थर कडक होतो. पट्टा करकचून ताणणे त्याहून वाईट, कारण मग पंपाचे बेअरिंग जाते. किनाऱ्यावर ही चूक दुकानात निस्तरता येते. खोल समुद्रात पंप थांबला तर इंजिन तापते आणि ते बंदच करावे लागते. म्हणून मापाचा एक जादा पट्टा आणि तो चढवण्यापुरते पाने होडीत ठेवतात.

वर्गात झाडूच्या दांड्याला दोरीचा एक वेढा द्यावा, एका टोकाला पाण्याची बादली टांगावी आणि दुसरे टोक मुलाच्या हाती द्यावे. मग आणखी एक वेढा घालून पाहावा.