५ एप्रिल १९८० : आर.ई.एम.ची पहिली मैफल

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी, वापरातून गेलेल्या एका चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला चार तरुण पहिल्यांदा जाहीरपणे वाजवायला उभे राहिले. बँडचे नावही ठरले नव्हते; ‘आर.ई.एम.’ पुढे शब्दकोशातून उचलले. गायक मायकल स्टाइप आणि गिटारवादक पीटर बक यांची गाठ पडली ती बक नोकरीला असलेल्या रेकॉर्डच्या दुकानात. बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी शाळेपासूनचे जोडीदार. १९८१ मध्ये ‘हिब-टोन’ या चिमुकल्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. १९८३ च्या ‘मर्मर’मध्ये स्टाइप इतके पुटपुटतो की निम्मे शब्द कळत नाहीत, तरीही मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकून ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने तोच वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवला. गाणे कुणालाही सुचो, श्रेय चौघांचे, ही शिस्त मात्र भल्याभल्यांना जमलेली नाही. १९९१ चे ‘लूझिंग माय रिलिजन’ बक मेंडोलिन शिकत असताना सुचले आणि जगभर गाजले. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या मंचावर बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली. तो बचावला, १९९७ मध्ये बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी २१ सप्टेंबर २०११ रोजी बँड विसर्जित केला.