हळदीला कागद, निंबाला साक्षीदार

मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की आमचं सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. हातोडीचा घाव कुठे जड द्यायचा, कुठे हलका, हे तांबटाच्या घरात बापाकडून मुलाकडे येतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. उद्या परदेशात कुणी त्याच युक्तीवर हक्क सांगितला तर ती आपली हे सिद्ध कसं करणार? १९९०च्या दशकात या प्रश्नावरून दोन मोठे खटले गाजले. हळदीचा सर्वांना ठाऊक आहे. कडुनिंबाच्या खटल्यात आपल्या पुणे-सांगलीच्या शेतीचा पुरावा होता, तरी त्याची आठवण क्वचितच निघते.

पेटंट म्हणजे सरकारनं संशोधकाशी केलेला सौदा. तू तुझी युक्ती उघड कर, आम्ही वीस वर्षं तिचा मक्ता तुला देतो. युक्ती मात्र नवी हवी, उपयोगाची हवी आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. हे पारखायला नुसतं कायद्याचं पुस्तक पुरत नाही. आपल्या १९७०च्या कायद्यानुसार पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. शिवाय बाजारात कोण काय आणि केव्हापासून बनवतं, याचीही खबर ठेवावी लागते. या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व आपल्याकडे कमी ओळखलं जातं, असं माझं मत आहे.

मार्च १९९५मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. संशोधक दोघंही भारतीय वंशाचे, बरं का! आपल्याकडे संताप उसळला, पण संताप हा काही पुरावा नव्हे. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा असा, की परदेशातला वापर जमेस धरायचा नाही, परदेशातला छापील मजकूर मात्र धरायचा. खानदेशात विळीनं बोट कापलं की आजी हळद दाबते, ही गोष्ट त्या कायद्याच्या लेखी घडलेलीच नव्हती. मग वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत, छापील आधार गोळा केले. एकूण बत्तीस. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला लेखही होता. ऑगस्ट १९९७मध्ये पेटंट रद्द ठरलं.

निंबाचं प्रकरण जास्त अवघड होतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना सप्टेंबर १९९४मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. पिकावरची बुरशी मारण्यासाठी निंबोळीचं तेल वापरण्याची ही पद्धत. आपला शेतकरी निंबोळ्या कुटून पाण्यात भिजवतो आणि तो अर्क फवारतो. पेटंट त्यावर नव्हतं. ते होतं विशिष्ट रासायनिक द्रावकानं काढलेल्या तेलावर. त्यामुळे परंपरेचे दाखले कितीही दिले, तरी समोरचा म्हणणार, तुमचं वेगळं, आमचं वेगळं.

१९९५मध्ये या पेटंटला आव्हान दिलं ते वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आलव्हूट आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं. वकील होते स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातले प्राध्यापक फ्रित्झ डोल्डर. युरोपचा कायदा अमेरिकेसारखा नव्हता. जगात कुठेही उघडपणे झालेला वापर तिथे चालत असे, फक्त कोणी, कुठे, केव्हा आणि नेमकं काय केलं, हे दाखवावं लागे.

ही उत्तरं मिळाली आपल्याच महाराष्ट्रातल्या कारखानदाराकडून. अभय दत्तात्रय फडके निंबाच्या अर्काचा धंदा करत होते. १९८५ आणि १९८६च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतावर या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. पेटंटचा पहिला अर्ज डिसेंबर १९८९चा, म्हणजे नंतरचा. मे २०००मध्ये म्युनिकला युरोपीय पेटंट कार्यालयापुढे दोन दिवस सुनावणी झाली. फडके साक्षीला उभे राहिले. १० मे रोजी पेटंट रद्द झालं. पेटंटधारकांनी अपील केलं, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. धंद्यासाठी केलेल्या प्रयोगाला तारीख असते, जागा असते, घेणारा-देणारा असतो. आजीच्या बटव्याला यातलं काहीच नसतं.

आयुर्वेद, युनानी, सिद्ध या ग्रंथांतलं ज्ञान परदेशी तपासनिसांना वाचता यावं म्हणून भारतानं २००१पासून डिजिटल संग्रह उभारायला घेतला. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी अशा पाच भाषांत तो आहे. इकडे अमेरिकेनंही कायदा बदलला. १६ मार्च २०१३पासून जगात कुठेही लोकांना आधीच उपलब्ध असलेली गोष्ट तिथे नवी धरत नाहीत. हळदीचा दावा त्यानंतर आला असता, तर छापील कागदाबरोबर साक्षीदारही चालला असता.