गुलाब किनाऱ्यावर संपलं नव्हतं

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. आमच्या लातूरपासून हे ठिकाण सुमारे आठशे किलोमीटर लांब. त्या वादळाचं आपल्याला काय, असंच इथं वाटत होतं.

जमिनीवर आलं की वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही, वारा पडत जातो. ढगातलं पाणी मात्र तसंच राहतं. तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यात येईपर्यंत गुलाबचं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होत आलं होतं, आणि त्यानंच २७-२८ तारखेला आपल्याला बुडवलं. धरणं आधीच भरत आलेली. मांजराचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. (हो, तेच मांजरा, जे कोरडं पडल्यावर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं!) काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली.

आपल्या कागदांत मात्र हे सगळं ‘अतिवृष्टी’. माझ्या मते हा शब्दच घात करतो. किनाऱ्यावर वादळाआधी माणसं हलवतात, आपल्याकडे नंतर तलाठी पंचनाम्याला येतो.

तेच अवशेष पुढं अरबी समुद्रात उतरले, पुन्हा वादळ झाले आणि ‘शाहीन’ नावानं ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले.

त्या रात्री तुमच्या गावात कुणी आधी सांगायला आलं होतं का?