‘गोदावरी’ युद्धनौकेची कारकीर्द

अंबड तालुक्यांतील शहागड हें गांव गोदावरीच्या कांठीं वसलेलें आहे. तेथून समुद्र फार दूर. त्यामुळें आरमाराच्या इतिहासाशीं त्या प्रांताचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु तेथील याच नदीचें नांव धारण करून एका युद्धनौकेनें बत्तीस वर्षें समुद्रावर सेवा केली. नदी त्र्यंबकेश्वरीं उगम पावून अरबी समुद्राकडे पाठ फिरविते व पूर्वसमुद्रास मिळते. नौका मात्र पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईस, जन्मास आली.

माझगांव गोदींत पूर्वीं ‘निलगिरी’ वर्गाच्या सहा फ्रिगेट नौका ब्रिटिश ‘लिअँडर’च्या नमुन्यावर बांधल्या गेल्या होत्या. ‘गोदावरी’चा आराखडा मात्र आपल्याच आरमाराच्या शिल्पज्ञांनीं आंखला. १० डिसेंबर १९८३ रोजीं ती आरमारांत दाखल झाली. तिच्यावर सोव्हिएट क्षेपणास्त्रें, ब्रिटिश सी-किंग हेलिकॉप्टरें व इटलींत तयार झालेली रणमाहितीची यंत्रणा होती. ज्या दोन गटांत तेव्हां शीतयुद्ध चालू होतें, त्या दोहोंचीं साधनें एकाच नौकेवर नांदविणें हें लहान काम नव्हतें. आमच्या मतें तिच्या बांधणींतील खरा पराक्रम हाच होय.

तिच्या कसोटीचा प्रसंग १९८८ सालीं आला. ३ नोव्हेंबर रोजीं भाडोत्री शिपायांनीं मालदीवच्या राजधानींत बंड माजविलें. अध्यक्ष गयूम यांच्या विनंतीवरून भारतीय छत्रीधारी सैनिक त्याच रात्रीं हुलहुले बेटावर उतरले. तेव्हां बंडखोरांपैकीं कांहीं जण ओलीस धरलेल्या माणसांसह ‘प्रोग्रेस लाइट’ या मालवाहू जहाजांतून श्रीलंकेच्या दिशेनें पळाले. ‘गोदावरी’ व ‘बेतवा’ यांनीं त्यांचा पाठलाग केला. इशारे देऊनही जहाज थांबेना, म्हणून तोफा डागाव्या लागल्या. ६ नोव्हेंबरास पळपुटे शरण आले. कांहीं ओलिसांचे प्राण गेले, हें विसरतां येत नाहीं, बाकीचे सुटले. पुढें १९९४ च्या अखेरीस सोमालियांतून भारतीय सैन्य परत आणण्याच्या कामींही ती होती, आणि उतारवयांत तिनें एडनच्या आखातांत चांच्यांवर पहारा केला. २३ डिसेंबर २०१५ रोजीं मुंबईस ती सेवानिवृत्त झाली.

कोणी म्हणेल, शत्रूच्या आरमाराशीं हिची एकही झुंज झाली नाहीं. मग हिचा इतिहास तो काय? बुडविलेल्या जहाजांवरूनच युद्धनौकेची योग्यता ठरवावी, हा दंडक आम्हांस मान्य नाहीं. आरमाराचें पुष्कळसें काम नुसत्या उपस्थितीनें होतें. चांचे दूर राहतात, व्यापारी निर्धास्त जातो. त्याची नोंद मात्र कोठेंही होत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. त्याच माझगांव गोदींतून २०१० सालीं आरमारांत आलेली ‘शिवालिक’ व तिच्या मागोमागच्या ‘सातपुडा’ आणि ‘सह्याद्रि’ या नौका रडारला चकविण्यासाठीं घडविलेल्या आहेत. त्यांच्या कलत्या बाजू रडारच्या लहरी भलतीकडे परतवितात. दिसण्यांत ‘गोदावरी’चें बळ होतें, न दिसण्यांत यांचें आहे. तथापि स्वतःचा आराखडा स्वतः आंखण्याचें धैर्य यांना त्या थोरल्या नौकेकडून मिळालें. सह्याद्रि पर्वतापासून गोदावरी निघते. आरमारांत मात्र ‘गोदावरी’पासून ‘सह्याद्रि’ निघाली, असेंच म्हणावें लागतें.