पावसाची नोंद थेट संगणकात : 'वेबहुक'ची मांडणी

यवतमाळ (प्रतिनिधी) - कापूस आणि सोयाबीनवर भिस्त असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाच्या आकड्याला मोठे मोल आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानली जाते व नुकसानभरपाईचा विचार सुरू होतो. 'महावेध' प्रकल्पांतर्गत २०१७पासून राज्यातील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. अधिकृत नोंद त्यांचीच. मात्र गावाने वा महाविद्यालयाने स्वतःचे पर्जन्यमापक यंत्र बसविल्यास तफावत पुराव्यानिशी दाखविता येते. अशा यंत्राच्या नोंदी गोळा करण्याची सोपी पद्धत म्हणजे 'वेबहुक'.

वेबहुक म्हणजे काय?
एरवी आपला संगणक यंत्राच्या सेवेकडे 'नवे काही आहे का?' अशी वारंवार विचारणा करतो. वेबहुकमध्ये नोंद होताच ती सेवाच आपल्या पत्त्यावर माहिती धाडते. हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७मध्ये रूढ केला.

मांडणी कशी करावी?
१) आपल्या सर्व्हरवर 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा पत्ता तयार करून तो सेवेच्या वेबहुक विभागात भरावा.
२) गुप्त कळ ठरवावी. तिच्या आधारे केलेली सांकेतिक सही जुळत नसलेला संदेश नाकारावा. अन्यथा कोणीही खोटा पाऊस नोंदवू शकेल.
३) संदेश साठवून लगेच '२००' ही पोच द्यावी, आकडेमोड नंतर करावी. पोच न मिळाल्यास अनेक सेवा तोच संदेश पुन्हा पाठवितात.
४) यंत्राचा क्रमांक व नोंदीची वेळ यांवरून दुबार संदेश वगळावा. ३५ मिलिमीटर पाऊस दोनदा मोजला गेला, तर कागदावर ७० मिलिमीटरची अतिवृष्टी होते!
५) वेळ तपासावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. यंत्र जागतिक प्रमाणवेळ वापरत असल्यास तेथे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात.

मर्यादा
वीज किंवा मोबाइलचे जाळे बंद पडल्यास वेबहुक हतबल ठरतो. म्हणून नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठविणारे यंत्र निवडावे. दर दहा मिनिटांनी नोंद अपेक्षित असल्यास दिवसाला १४४ संदेश यायला हवेत. ते रोज मोजावेत. न आलेल्या नोंदीची जागा रिकामी ठेवावी, तेथे शून्य लिहू नये. 'पाऊस झाला नाही' आणि 'पाऊस मोजला गेला नाही' यांतील अंतर शेतकऱ्याला महागात पडू शकते.